काटा अडला तेव्हा

गेल्या जानेवारीत रक्ततपासणीचा अहवाल हातात आला. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारा एचबीए१सी ६.२ होता. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. वजन ७८ किलो, कंबर ९८ सेंटीमीटर. आपल्याकडच्या स्त्रियांसाठी कंबरेची मर्यादा ८० सेंटीमीटर धरतात. डॉक्टर रागावले नाहीत. ‘‘आईला मधुमेह होता ना?’’ एवढेच त्यांनी विचारले.

होता. त्यानेच अम्मीची नजर गेली. कुरआन शरीफ शेवटपर्यंत तिच्या उशाशी असे, पण अक्षरे दिसत नसत. पाठ होत्या तेवढ्याच सूरह ती पुन्हापुन्हा म्हणायची. अहवाल घेऊन घरी येताना मला तेच आठवत होते.

आमच्या शिक्षक खोलीत आहाराचे दोन पक्ष आहेत. एक डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा: दिवसातून दोनदाच जेवायचे, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत आटोपायचे. दुसरा ऋजुता दिवेकरांचा: दर दोन तासांनी थोडेथोडे, आपल्या मातीतले खायचे. दोन्हींकडची माणसे मधल्या सुट्टीत मला आपापल्या बाजूला ओढत. मी डॉक्टरांचे ऐकले. भात निम्म्यावर आणला, भाजी व मासे वाढवले, तळलेल्या माशाऐवजी तिखले केले. फजरच्या नमाजनंतर चिवल्याच्या किनाऱ्यावर पाऊण तास चालू लागले. रमजानमध्ये इफ्तारला भजी सोडली. खजूर आणि फळांवर भागवले. मे अखेर काटा ७१ वर आला. सात किलो! शेजारणी विचारू लागल्या, मी सांगू लागले. खरे सांगायचे तर थोडी मिजासही चढली.

मग पाऊस आला आणि काटा अडला. एक आठवडा, दोन, चार. कधी ७०.८, कधी ७१.५. नऊ आठवडे तो तिथेच. मी भात आणखी कमी केला. रोज सकाळी काट्यावर चढायची आणि आकडा पाहून दिवसभर चिडचिड करायची. एका रविवारी ‘‘इतके करून काय उपयोग!’’ म्हणत मी तो काटा पलंगाखाली ढकलला. संध्याकाळी शेजारून आलेली शिरखुर्म्याची वाटी उभ्याउभ्याच संपवली. आनंदाने नव्हे, रागाने.

मंगळवारी माझ्या नववीतल्या लेकीचा डबा तसाच परत आला. बुधवारीही. भूक नव्हती म्हणाली. गुरुवारी शाळेतून आले तर ती पलंगाखालचा काटा काढून त्यावर उभी होती. मला पाहून तिचे डोळे भरले. ‘‘अम्मी, तू एवढे कमी खातेस तरी तुझे कमी होत नाही. मग माझे कसे होणार?’’

तिचे वजन कमी व्हायची काही गरजच नव्हती. तिला फक्त दिसत होते की तिच्या आईची खुशी-नाखुशी रोज सकाळी एक आकडा ठरवतो.

भगिनींनो, पालकसभेत मी वर्षानुवर्षे सांगत आले आहे की मुलाला नुसत्या गुणांवरून जोखू नका. घरात मात्र मी तेच करत होते आणि लेक ते शिकत होती. त्या रात्री आम्ही दोघी एका ताटात जेवलो. मी कशासाठी चालते, नानीच्या डोळ्यांचे काय झाले, हे तिला पहिल्यांदाच नीट सांगितले. वाढत्या वयात जेवण टाकायचे नसते हेही सांगितले. पुढचे काही दिवस तिचा डबा मीच भरला आणि रोज उघडून पाहिला.

त्यानंतर मी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी जे समजावले ते आधीच कळले असते तर इतका त्रागा झाला नसता. पहिल्या आठवड्यांत घटलेल्या वजनात पाण्याचाही मोठा वाटा असतो, म्हणून सुरुवात झपाट्याची वाटते. पुढे शरीर जसे हलके होते तसा त्याचा खर्चही कमी होतो. ७८ किलोचा देह चालवायला जितकी ऊर्जा लागते तितकी ७१ किलोच्या देहाला लागत नाही. शिवाय शरीर काटकसर शिकते आणि भूक वाढवते. म्हणजे ज्या जेवणाने काल वजन उतरत होते, त्याच जेवणावर आज ते स्थिर राहते. पद्धत कोणतीही असो, हा थांबा बहुतेकांना लागतोच.

दुसरे कारण माझ्याच वहीत सापडले. डॉक्टरांनी आठवडाभर तोंडात गेलेला प्रत्येक घास लिहायला सांगितले. पावसामुळे चालणे आठवड्यात दोन दिवसांवर आले होते. शाळेतून आल्यावर साखरेचा चहा आणि दोन खारी. मुलांच्या ताटातले उरलेले. सालन शिजताना चाखलेले चार चमचे. भात कमी केल्याची भरपाई मी नकळत अशी करत होते. आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणून घरात सुकट आणि खारे बांगडे; मिठाने शरीरात पाणी धरले जाते, त्यामुळे काटा एखाद्या किलोने इकडेतिकडे होतो, तोही चरबीचा हिशेब समजायचा नाही.

डॉक्टरांनी एक किस्साही सांगितला. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी डॉ. जॉन युडकिन या दोघांचे छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले होते. उंची-वजनाचे प्रमाण, म्हणजे बीएमआय, दोघांचा अगदी एकच: २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. काटा वजन सांगतो; त्यात चरबी किती, स्नायू किती, हे सांगत नाही. आपल्या लोकांत तर बारीक दिसणाऱ्या अंगातही चरबी लपलेली असते.

मग मी मोजमापे बदलली. काट्यावर महिन्यातून एकदा. कंबर शिलाईच्या टेपने पंधरा दिवसांनी. पाऊस असेल तर शाळा सुटल्यावर व्हरांड्यात फेऱ्या. स्नायू टिकावेत म्हणून खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, सुरुवातीला दहा वेळा, आता तीस. भात पूर्वी ठरवला होता तेवढाच, त्याहून कमी नाही. जेवणात अंडे, डाळ किंवा मासा हवाच. चहा बिनसाखरेचा. झोप सात तास. ज्यांना साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी मात्र जेवणात असे बदल किंवा रोजे डॉक्टरांना विचारूनच करावेत.

सप्टेंबरमध्ये पुन्हा तपासणी केली. वजन ७०.५, म्हणजे जवळजवळ तिथेच. कंबर ८९. एचबीए१सी ५.८. अहवाल मी दोनदा वाचला. ज्या महिन्यांत काही होत नाही म्हणून मी कुढत होते, त्या महिन्यांतही रक्तातली साखर उतरत होती.

उंबरठा अजून पुरता ओलांडून मागे आलेली नाही. काटाही पुन्हा अडेल. उर्दूच्या तासाला मी ‘इस्तिकामत’ शब्दाचा अर्थ ‘ठाम राहणे’ असा सांगत असे. आता ‘थोडे का होईना, रोज करत राहणे’ असे सांगते. थोडे पण नित्याचे अमल अल्लाहला अधिक प्रिय, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहेच.

काटा सध्या कपाटावर आहे. लेक तो मागत नाही. रविवारी फजरनंतर ती माझ्यासोबत चिवल्यावर येते आणि परतताना तिला भूक लागलेली असते. घरी पोहोचताच घावणे मागते. मी करून देते, आणि एक माझ्याही ताटात घेते.