टर्बोचा घसा

घसा रुंद असला कीं गाणें साधतें, असें आमच्या घरीं कोणी मानीत नाहीं. मोटारीच्या बाबतींत मात्र पुतण्याची तशीच श्रद्धा आहे. त्याच्या टर्बोचार्जरच्या गाडीची थ्रॉटल बॉडी, म्हणजे एंजिनांत हवा सोडणारी झडपेची नळी, ६० मिलिमीटरांची. ती लेथवर बोअर करून ६५ ची करावयाची, म्हणून त्यानें तीन पगारांतून पैसे बाजूस ठेविले. आमच्या वृद्ध आईस त्याच गाडींतून डॉक्टरांकडे न्यावें लागतें. “भावजी, तुम्हीच सांगा त्याला,” असें वहिनी म्हणाल्या.

त्याचें गणित खोटें नव्हतें. तोंडाचें क्षेत्रफळ सुमारें १७ टक्के वाढतें. साध्या एंजिनांत हवा आंत लोटावयास वातावरणाचा दाबच काय तो असतो. तेथें वाटेंतली प्रत्येक अडचण बाधते. परंतु आल्फ्रेड ब्यूखी या स्विस एंजिनियरानें १९०५ मध्यें पेटंट घेतलेल्या या युक्तींत हवा दाबून भरतात, आणि दाब किती चढावा हें वेस्टगेट ठरवितें. झडप पूर्ण उघडी असतां तेथें दाब थोडा घटला, तर टर्बो बहुधा अधिक फिरून ती तूट भरून काढतो. मूळ तोंड खरोखर अपुरें असेल तरच लाभ! उलट, गाडींतील संगणकाची जुळणी नव्यानें न केल्यास अ‍ॅक्सिलरेटर किंचित् दाबतांच जास्त हवा शिरते व गाडी गर्दींत उसळते. शिवाय झडपेची चकती नवी, मॅनिफोल्डचें तोंडही जुळवावयाचें.

“पण काका, आवाज काय सुरेख येतो!” यावर मजपाशीं उत्तर नव्हतें. अखेर ठरलें कीं, आधीं झडपेच्या दोन्ही बाजूंस दाब मोजावा. फरक मोठा निघाला तरच लेथ. दाबमापक मींच आणून दिला. तेव्हांपासून वहिनी माझ्याशीं जेवढ्यास तेवढेंच बोलतात.