भाड्याचा पैसा राखावा लागतो

आज पहिली तारीख. जळगावातल्या दोन खोल्यांचं भाडं जमा झालं, धुळ्यातल्या पिठाच्या गिरणीचा हिशेबही लागला. बसल्या जागी मिळणारा पैसा तो हाच, असं लोक म्हणतात. मला मात्र तो शेतासारखा वाटतो. राखण सुटली की हातचा जातो.

एका खोलीत डाळ मिलमधला कामगार कुटुंबासह राहतो. मे महिन्यात गच्चीवरची टाकी अशी तापते की नळाचं पाणी हाताला चटका देतं. टाकीवर सावली करणं हे माझं काम, त्याच्या बायकोने सोसायचं दुखणं नव्हे.

ओळखीवर, तोंडी बोलीवर खोली देण्याची रीत सोडायला हवी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. प्राप्तिकरात घरपट्टी वजा जाता उरलेल्या भाड्यावर 30 टक्के वजावट मिळते. घराची डागडुजी करावीच लागते, हे त्यात धरलेलं आहे. म्हणून भाड्यातला काही भाग मी आधीच बाजूला काढते.

गिरणीचंही तसंच. कळण्याच्या भाकरीसाठी ज्वारी-उडदाचं दळण घेऊन बायका येतात. पीठ जाडंभरडं आलं तर पुढच्या वेळी त्या दुसरी गिरणी गाठतात. दगड वेळेवर पाहणारा, गिरणी चालवणारा दादा टिकला तरच कमाई टिकते. त्याचा पगार आधी, माझा नफा नंतर.