टिकली पडत नाही

यंत्रे आणि मी यांच्यातला करार साधा आहे. मी त्यांच्या वाटेला जायचे नाही आणि त्यांनी माझ्या. बँकेत नोटा मोजण्याचे यंत्र आले तेव्हा त्याने मोजलेले बंडल मी पुन्हा बोटाला पाणी लावून मोजत असे. फरक आलाच तर माझाच आकडा चुकलेला असे. असा मनुष्य अमेरिकेत जाऊन काडतुसे भरण्याचे यंत्र दुरुस्त करील, असे कुणी ज्योतिषाने सांगितले असते, तर मी त्याच्याकडून दक्षिणा परत मागितली असती.

पण तसे घडले. टेक्सासमध्ये, दादाच्या गॅरेजमध्ये.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. पंचवीस वर्षांपूर्वी तिकडे गेला आणि तिकडचाच झाला. आमचे घर म्हणजे झुरळसुद्धा सुपलीत घेऊन अंगणात सोडणारे. त्या घरातला मुलगा दर रविवारी पिस्तूल घेऊन नेमबाजीला जातो हे कळले तेव्हा आईने देवापुढे जादा दिवा लावला आणि फोनवर एवढेच विचारले, "कागदालाच मारतोस ना रे?"

मी मात्र गेलो होतो वेगळ्याच कामाला. बाबा २०१९ साली गेले, दोन वर्षांनी आई. मागे उरले जुने घर आणि त्याचे कागद. फोनवर त्या घराचा विषय निघाला की दोघांचाही आवाज चढायचा आणि वहिनी लांबूनच म्हणायची, "ठेवा आता, तिकडे रात्र झाली असेल." म्हणून रजा काढून समक्ष गेलो. दहा दिवस झाले तरी कागद बॅगेतच होते, चकल्यांच्या डब्याखाली. चकल्या संपल्या, पण कागदांना हात लावायचा धीर होईना.

अकराव्या दिवशी रात्री दादा गॅरेजमधून ओरडला, "साली पुन्हा पडली नाही!"

दादाच्या त्या यंत्राला तिकडे 'प्रोग्रेसिव्ह प्रेस' म्हणतात. आपल्याकडे प्रोग्रेसिव्ह म्हटले की विधवाविवाह आणि सहभोजन आठवते. इथे प्रगती करते ती एक गोल चकती. दांडा एकदा ओढून मागे ढकलला की चकती एक घर पुढे सरकते. पहिल्या घरात झाडलेल्या पितळी पुंगळीतली जुनी टिकली निघते आणि नवी बसते. दुसऱ्यात दारू पडते (बंदुकीची, दुसरी दादा घेत नाही), तिसऱ्यात गोळी बसते, चौथ्यात तिच्याभोवती पुंगळीची कड आवळली जाते. दारूचे माप ग्रेनमध्ये. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम, सोनाराच्या गुंजेच्या जेमतेम निम्मे. एकंदरीत आमच्या चेक क्लिअरिंगसारखेच: एक टेबल अडले की सगळा हॉल अडतो.

अडले होते ते पहिले टेबल. टिकली म्हणजे प्रायमर, मसुरीच्या दाण्याएवढी धातूची वाटी. आत ठोका बसताच पेट घेणारे रसायन. तिचे दोन प्रकार. एक बॉक्सर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याचा, दुसरा बर्डन नावाच्या अमेरिकनाचा. गंमत अशी की अमेरिकेत चालतो तो इंग्रजाचा, आणि अमेरिकनाचा चालला तो युरोपात. घरच्या माणसाला घरात किंमत नाही, हा नियम तिकडेही आहेच.

अशा शंभर टिकल्या एका उभ्या नळीत एकीवर एक रचायच्या. दर ओढीला खालची एक सरकपट्टीवर पडते आणि पुंगळीच्या बुडाखाली जाते. दादाच्या यंत्रात ती मधूनच पडत नव्हती. मग टिकलीविना पुंगळी पुढच्या घरी जाई, तिच्यात दारू पडे आणि बुडाच्या भोकातून गळून चकतीवर पसरे. त्या कणांनी सरकपट्टी अडे. म्हणजे एका चुकीच्या नोंदीपायी दुसरी, दुसरीपायी तिसरी. मला एकदम मार्चअखेर आठवला.

"काय काय केलंस?" मी विचारले.

दादाने काजळी पुसली होती, स्क्रू आवळले होते, नळीच्या टोकाचा प्लास्टिकचा तुकडा नवा घातला होता, स्प्रिंग बदलली होती. सगळे एकाच संध्याकाळी. आता त्याने दात-ओठ खाऊन दांड्यावर दोन्ही हात टाकले.

तो पवित्रा मी ओळखला. लहानपणी दिवाळीत आम्हा दोघांत मिळून एकच पत्र्याचे पिस्तूल असायचे. मी टिकल्यांचा रोल भरायचा आणि दादाने उडवायचे, अशी कामाची वाटणी. रोल हमखास तिरका जायचा, घोडा दोन टिकल्यांच्या मधोमध आपटायचा आणि दादा स्वयंपाकघरातून वरवंटा आणायचा. तेव्हा बाबा पेपरातून डोके न काढता म्हणायचे, "जोर लावू नका. आधी बघा."

"दादा, जोर लावू नकोस. आधी बघ," मी म्हणालो. आवाज बाबांचा निघाला. कसा, कोण जाणे. दादाचे हात दांड्यावरच थांबले.

आणि थांबले तेच बरे झाले. टिकली आडवी बसली असताना वरून रेटले तर ती तिथेच उडू शकते, आणि नळीतल्या तिच्या मैत्रिणीही तिच्यामागून. हे दादाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते. म्हणून तर तो डोळ्यांवर चष्मा लावून बसला होता. पण चिडलेल्या माणसाला ठाऊक असलेलेच आधी विसरायला होते.

यंत्रातले मला काही कळत नाही. टॅली न जुळण्यातले कळते. पंचवीस पैशांचा फरक शोधत रात्री नऊपर्यंत बसलेली जुनी माणसे मला शिकवून गेली आहेत: फरक आला की सगळीकडे हात घालायचा नाही. चूक कुठे होते ते लिहून काढायचे. मी वहीत रकाने पाडले. दादाने दारूचे भांडे रिकामे केले आणि नुसत्या टिकल्या बसवायला घेतल्या. तो दांडा ओढी, मी बरोबरची खूण करी. पहिल्या नळीत चुका झाल्या ८७, ९१, ९४ आणि ९८ व्या ओढीला. दुसऱ्या नळीत ८५, ९०, ९३ आणि ९६.

"दादा, पट्टीखाली घाण असती तर चूक कुठेही झाली असती. पुंगळ्या वाईट असत्या तरी तेच. ही सारी बोंब शेवटच्या सोळांत आहे. नळी भरलेली असते तेव्हा वरच्यांच्या वजनाने खालची पडते. शेवटी वर वजनच उरत नाही. या टिकल्यांवर काही ठेवायची सोय नाही का?"

दादा गप्प झाला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "एक प्लास्टिकची काडी होती."

"मग?"

"टिकल्या संपत आल्या की ती खाली येऊन भोंगा वाजवायची. हिची पूजा मोडायची त्याने. मला वाटलं, काडी नुसती भोंग्यासाठीच असते. म्हणून दोन्ही काढून टाकलं."

काडी सापडली मागच्या अंगणात. वहिनीने तिच्या आधाराने कढीपत्त्याचे रोप बांधले होते. आम्ही चोरासारखी ती सोडवली, धुतली, कोरडी केली, नळीत सोडली. तिसऱ्या नळीला शंभरपैकी शंभर. वहीत एकही फुली नाही. असा हिशेब मी नोकरीच्या वीस वर्षांत पाहिला नव्हता.

दादा बराच वेळ त्या काडीकडे बघत होता. "वजन ते काय तिचं!" तो म्हणाला. "पण वरून कुणीतरी असावं लागतं खरं."

मी काही बोललो नाही. आत गेलो आणि बॅगेतले कागद घेऊन आलो.

दादाने चष्मा बदलून ते सावकाश वाचले. आवाज चढला नाही, ना त्याचा, ना माझा. शेवटच्या पानावर थांबून त्याने माझी एक बेरीज चुकलेली दाखवली. मग म्हणाला, "ही सही वकिलातीत जाऊन करावी लागेल. सोमवारी जाऊ दोघं."

सकाळी वहिनीची हाक आली. कढीपत्ता आडवा झाला होता.

"कुणी केलं हे?"

आम्ही दोघांनी एकाच वेळी एकमेकांकडे बोट दाखवले.