पाच ग्रॅमचा जीव, एकच बेट

गेल्या शनिवारी आमच्या सिलिंडरमागून चिचुंद्री निघाली. मी झाडू उगारला तर आई म्हणाली, "मारू नकोस रे, तिला धड दिसतही नाही." ठेवला झाडू. (वास मात्र दोन दिवस गेला नाही!)

मग नेहमीची सवय... चहा घेऊन लॅपटॉप उघडला आणि चिचुंद्रीवरून वाचत वाचत पोचलो कुठे, तर ख्रिसमस बेटावर. जावाच्या दक्षिणेला, ऑस्ट्रेलियाच्या ताब्यातलं, १३५ चौरस किलोमीटरचं. मुंबईच्या पाव भागाएवढंही नाही. तिथे आपल्या चिचुंद्रीची एक लांबची बहीण राहायची. वजन पाच-सहा ग्रॅम, चमचाभर साखरेएवढं. जगात दुसरीकडे कुठेच नाही.

१८९७ मध्ये ब्रिटिश म्युझियमचे चार्ल्स अँड्र्यूज तिथे गेले, तेव्हा ती बेटभर होती. रात्री तिची वटवाघळासारखी चिरकी चीं-चीं चहूकडून ऐकू यायची. मग १९०० च्या सुमारास एका जहाजातून काळे उंदीर उतरले. जहाजाचं नाव 'हिंदुस्तान'. वाचून कसंसंच झालं. उंदरांबरोबर रक्तातला एक परजीवी आला. १९०८ मध्ये अँड्र्यूज परत गेले, तर बेटावरच्या मूळच्या उंदरांच्या दोन्ही जाती संपलेल्या आणि चिचुंद्रीही दिसेना. तिलाही बहुधा त्याच रोगाने गाठलं.

पण गोष्ट तिथे संपत नाही. डिसेंबर १९८४ मध्ये एक मादी चक्क जिवंत सापडली! नाकतोडे खाऊ घालून संशोधकांनी तिला वर्षभर जगवली. मार्च १९८५ मध्ये एक नरही मिळाला. जोडी जमेल असं वाटत होतं, पण तो आजारी निघाला आणि तीन आठवड्यांत गेला. त्यानंतर कोणालाच दिसली नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये आययूसीएनने ती नामशेष झाल्याचं जाहीर केलं.

मी एकदा चुकीच्या सर्व्हरवर डिलीट मारलं होतं. शिव्या खाल्ल्या, दोन रात्री जागलो, पण बॅकअप होता. इथे दुसरी कॉपी होतीच कुठे?

गंमत म्हणजे आपली चिचुंद्री जहाजांतूनच मॉरिशस, ग्वामपर्यंत पोचली आणि तिथे ती नकोशी पाहुणी आहे. असो.

काल रात्री ओट्याखालून परत चीं-चीं ऐकू आलं. आईने आतून विचारलं, "गेली का रे ती?"

"नाही. आहे अजून."