ऱ्हाइनकाठची जत्रा

माणसाच्या काही आवडी अशा असतात की, त्या चारचौघांत सांगताना जीभ थोडी अडखळते. मी व्हिडिओ गेम खेळतो, हे सांगताना माझे तसेच होते. वय पस्तिशीचे, व्यवसाय भाषांतराचा आणि मुद्रिते तपासण्याचा. अशा गृहस्थाने संध्याकाळी दूरचित्रवाणी संचासमोर बसून पडद्यावरील राक्षसांशी झुंजावे, हे कुणालाही विसंगतच वाटणार. म्हणून २०२५ च्या ऑगस्ट महिन्यातील रजेच्या अर्जावर मी 'खाजगी काम' एवढेच लिहिले. ते खाजगी काम म्हणजे जर्मनीतील कोलोन शहरी दरवर्षी भरणारी 'गेम्सकॉम' ही खेळांची जत्रा पाहणे, हे होते.

या आवडीचे मूळ अकोल्याच्या आमच्या घरात आहे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस दादाने साठविलेल्या पैशांतून एक स्वस्त यंत्र आणले. त्यात 'कॅसेट' खोचावयाची आणि वायरीने जोडलेले दोन 'रिमोट' दोघांनी हाती घ्यावयाचे. पहिला रिमोट नेहमी दादाचा, दुसरा माझा. 'कॉन्ट्रा' हा आमचा आवडता खेळ. दोन शिपाई जंगलातून धावत सुटतात आणि शत्रूची ठाणी उडवितात, एवढेच त्याचे कथानक. परंतु त्यात एक मोठी माणुसकीची सोय होती. एका खेळाडूच्या सर्व 'लाइफ' संपल्या, तर त्याला जोडीदाराच्या शिलकीतून एक घेता येत असे. माझ्या नेहमीच संपत, आणि मी नेहमीच दादाच्या घेत असे. तो रागावे, पण कधी यंत्र बंद करीत नसे. पुढे वडिलांच्या पश्चात घर विकावे की ठेवावे यावरून आमच्यात शब्दाला शब्द लागला, आणि गेली दोन वर्षे सणावारी पाठविलेल्या एखाद्या ओळीपलीकडे आमच्यात बोलणे उरले नव्हते. कोलोनला निघालो तेव्हा हे मी त्याला कळविलेही नव्हते.

कोलोनच्या मुख्य स्थानकाबाहेर पाऊल टाकले की, समोर एकदम तेथील महामंदिर उभे ठाकते. त्याचे दोन मनोरे १५७ मीटर उंच आहेत. बांधकामास १२४८ मध्ये प्रारंभ झाला आणि ते पूर्ण झाले १८८० मध्ये. मधली सुमारे पावणेतीनशे वर्षे काम बंदच पडले होते. मंदिराच्या पाठीशी ऱ्हाइन नदीवर होहेनत्सोलर्न नावाचा लोखंडी पूल आहे. त्याच्या कठड्याच्या जाळीला प्रेमिकांनी लावलेली हजारो कुलुपे लटकत असतात. पुलावरून चालत पलीकडे गेले की डॉइट्झ हे उपनगर लागते, आणि तेथेच जत्रेचे विस्तीर्ण आवार आहे.

या जागेला स्वतःचा इतिहास आहे. १९२८ साली येथे वृत्तपत्रे आणि मुद्रणकला यांचे एक मोठे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले होते. त्या वेळी उभारलेला ८० मीटर उंचीचा मनोरा आजही नदीकाठी दिसतो. मुद्रितांवर पोट भरणाऱ्या मला त्याचे दर्शन घेताना आपलेपणा वाटला. परंतु याच आवाराने वाईट दिवसही पाहिले आहेत. नाझी राजवटीत, १९४० साली, रोमा व सिंती कुटुंबांना येथे डांबण्यात आले, आणि १९४१ पासून ज्यू नागरिकांनाही येथूनच आगगाड्यांत भरून पूर्वेकडे मृत्यूच्या वाटेवर पाठविण्यात आले. ज्या फलाटांवर आज रंगीबेरंगी पोशाखातील मुले हसतखिदळत उतरतात, त्यांच्याजवळच हे घडले, हे ध्यानात ठेवूनच आत जावे हे बरे.

२००२ ते २००८ या काळात जर्मनीतील खेळांची मोठी जत्रा लाइपझिग येथे भरत असे. २००९ पासून गेम्सकॉमच्या रूपाने तिचे स्थान कोलोनने घेतले. २०१७ साली तिचे उद्घाटन प्रत्यक्ष चान्सलर अँगेला मेर्केल यांनी केले, यावरून तिची तेथील प्रतिष्ठा कळावी. २०२५ च्या जत्रेस ३ लक्ष ५७ हजार लोक आले. एवढे आकडे कागदावर वाचणे वेगळे आणि त्यांतील एक होऊन दारात उभे राहणे वेगळे. पंढरपूरच्या दर्शनबारीची मला वारंवार आठवण झाली. फरक एवढाच की, येथे पाठीवरच्या पिशवीतून टाळांऐवजी खेळण्याची यंत्रे डोकावत होती.

दाराशीच वय तपासून मनगटावर रंगीत पट्टी बांधतात. १२, १६ आणि १८ वर्षांवरील मंडळींसाठी निरनिराळे रंग ठरलेले आहेत. ज्या खेळांत हिंसा अधिक, त्यांचे कक्ष भिंती घालून बंद केलेले असतात आणि योग्य रंगाची पट्टी असल्यावाचून आत सोडीत नाहीत. माझ्यापुढे एक बाप आपल्या बारा-तेरा वर्षांच्या मुलाला घेऊन उभा होता. मुलाने एका बंद कक्षाकडे आशेने पाहिले. रखवालदाराने त्याची पट्टी पाहून हसतच मान हलविली. मुलानेही फारसा त्रागा केला नाही. नियम सर्वांना ठाऊक होता आणि सर्वांना सारखा होता.

मी ज्याच्यासाठी आलो होतो तो खेळ 'हॉलो नाइट: सिल्कसाँग'. ऑस्ट्रेलियातील अॅडलेड येथील 'टीम चेरी' या अगदी मोजक्या माणसांच्या मंडळीने २०१७ साली 'हॉलो नाइट' हा खेळ काढला. भूमीखालच्या एका उद्ध्वस्त कीटकराज्याची ती कहाणी जगभर लोकप्रिय झाली. तिचा पुढील भाग २०१९ मध्ये जाहीर झाला, आणि त्यानंतर चाहते सहा वर्षे वाट पाहत राहिले. मी रांगेत उभा राहिलो त्याच्या आदल्याच दिवशी, २१ ऑगस्ट रोजी, तो ४ सप्टेंबरला येणार असल्याचे जाहीर झाले होते. रांगेत त्यामुळे वऱ्हाडासारखा उत्साह होता.

पंधरा मिनिटांच्या खेळासाठी अडीच तास रांगेत उभे राहणे, हे शहाण्या माणसाला वेडगळ वाटेल. परंतु त्या अडीच तासांत मला जे मिळाले, ते त्या पंधरा मिनिटांत मिळाले नाही. माझ्यापुढे हॉलंडहून आलेली एक परिचारिका होती. रात्रपाळीनंतर झोप येत नाही तेव्हा आपण हा खेळ खेळतो, असे तिने सांगितले. मागे दोन तुर्की भाऊ होते. ते एकमेकांना पाळीपाळीने जागा राखून पाणी आणि खाद्यपदार्थ आणीत, आणि त्यांतला वाटा आम्हालाही देत. कुणी पुठ्ठ्याची घडीची चौरंगी आणली होती. ती आळीपाळीने सर्वांच्या कामी आली. एका खोलीत एकट्याने खेळावयाचा हा खेळ. तो खेळणारी इतकी माणसे एका रांगेत भेटली, तेव्हा आपण कधी एकटे नव्हतोच असे वाटू लागले. पाळी आली तेव्हा तांबडी ओढणी घेतलेली, सुईने लढणारी ती नायिका पडद्यावर अवतरली. माझ्या हातून ती चार वेळा मेली. तुर्की भावांनी चारही वेळा माझे सांत्वन केले.

जत्रेत वेषधाऱ्यांना तोटा नाही. आवडत्या पात्राचा पोशाख स्वतः शिवून, चिलखते स्वतः घडवून मंडळी हिंडतात. एका मुलीचे पंख दारातून जाईनात, तेव्हा चार अनोळखी माणसांनी ते अलगद तिरपे धरून तिला बाहेर काढले. दरवर्षी वेष पालटून कार्निव्हल साजरे करणाऱ्या या शहराला याचे नवल वाटत नाही.

मोठमोठ्या कंपन्यांच्या झगमगाटापासून थोडे दूर, स्वतंत्रपणे खेळ तयार करणाऱ्या लहान मंडळींची लहान मेजे मांडलेली होती. तेथे खेळ बनविणारा माणूसच आपल्या शेजारी उभा असतो. आपण कोठे अडखळतो, कोठे हसतो, हे तो डोळ्यांत तेल घालून पाहत असतो. एका पोलिश तरुणाच्या खेळात संवाद पुष्कळ होते. मी भाषांतराचे काम करतो हे कळताच त्याने माझी भाषा कोणती, असे विचारले. मराठी म्हणजे २०११ च्या जनगणनेनुसार आठ कोटींहून अधिक लोकांची मातृभाषा, असे मी सांगितले. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "म्हणजे आमच्या देशाच्या लोकसंख्येच्या दुपटीहून अधिक! मग या भाषेत कुणी कसे मागितले नाही?" या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या संस्थेने २०२० साली 'राजी' हा आपल्या पुराणकथांवर आधारलेला खेळ जगापुढे आणला, हे मी त्याला अभिमानाने सांगितले. परंतु मागितले नाही म्हणून मिळाले नाही, हे त्याचे म्हणणे मनात राहिले. खेळ मराठीतून खेळावयास मिळावा, असे मलाच पूर्वी कधी सुचले नव्हते. आवड लपविणारा माणूस मागणी कोठून करणार?

संध्याकाळी पाचच्या सुमारास मी जुन्या यंत्रांच्या दालनात पोहोचलो. हौशी संग्राहक आपली जपून ठेवलेली यंत्रे येथे मांडतात आणि कुणालाही खेळू देतात. १९८२ चे 'कमोडोर ६४' चालू होते. एक आजोबा नातीला ते कसे चालवावयाचे ते शिकवीत होते. पलीकडच्या पडद्यावरून एक सूर कानी आला आणि मी जागीच थबकलो. ते आमचे जंगल होते. तोच पूल, त्याच उड्या, तेच संगीत. पण धावणारे शिपाई मात्र माणसे नव्हती. ते यंत्रमानव होते, आणि खेळाचे नाव होते 'प्रोबोटेक्टर'.

यंत्राजवळ बसलेल्या, पन्नाशीच्या जर्मन गृहस्थांनी उलगडा केला. कोनामी कंपनीचा 'कॉन्ट्रा' १९९० मध्ये युरोपात या यंत्रावर आला, तो असा वेष पालटून. मुलांच्या हाती युद्धाची चित्रे देण्याबाबत जर्मनीतील नियम कडक. म्हणून माणसांनी माणसे मारण्याऐवजी यंत्रे यंत्रांशी लढू लागली. ज्या आवारात आम्ही बसलो होतो त्याचा इतिहास आठवला, आणि ही काळजी मला अनाठायी वाटली नाही. भाषांतरकार म्हणून मौजही वाटली. आम्ही शब्द बदलतो. येथे कुणी नायकच बदलला होता, आणि तरीही मूळ खेळ जिवंत राहिला होता.

त्यांनी दुसरा रिमोट माझ्यापुढे केला. तिसऱ्या टप्प्यात एक धबधबा चढून जावयाचा असतो. एक जण भराभर वर गेला तर पडदा वर सरकतो आणि मागे राहिलेला बिचारा प्राणास मुकतो. मी नेहमीप्रमाणे मागे पडलो. ते गृहस्थ एका कड्यावर उड्या मारीत थांबून राहिले. दादा असाच थांबत असे. पुढे माझ्या लाइफ संपल्या. मी रिमोट खाली ठेवू लागलो, तेव्हा ते म्हणाले, "घ्या की माझी. मी धाकट्या भावाला नेहमी देत असे." भाऊ आता कोठे असतो, असे मी विचारले. तो चार वर्षांपूर्वी वारला, असे त्यांनी पडद्यावरून नजर न काढता सांगितले. मी एक लाइफ घेतली आणि आम्ही खेळत राहिलो.

उठताना मी त्या पडद्याचे एक छायाचित्र घेतले आणि काहीही न लिहिता दादाला पाठविले.

या खेळांविषयी आपल्याकडे दोन टोकांची मते आहेत. एक पक्ष त्यांना व्यसन म्हणतो, दुसरा भवितव्य म्हणतो. अतिरेकाचा धोका खरा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या विकाराचा समावेश रोगांच्या वर्गीकरणात केला असून ते २०२२ पासून अमलात आले आहे. मी कोलोनला असतानाच आपल्या संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा संमत केला. त्याने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आणि ई-क्रीडेला मात्र मान्यता दिली. जुगार आणि खेळ यांतील ही सीमारेषा आखणे अगत्याचेच होते. परंतु रेषेच्या अलीकडे जे उरते त्याकडे आपण कुतूहलाने पाहिले पाहिजे. मुलगा काय खेळतो हे त्याच्या शेजारी बसून पाहावे, जमल्यास दुसरा रिमोट हाती घ्यावा. मनगटावरची पट्टी दाराशी उपयोगी पडते. घरात शेजारी बसलेले माणूसच उपयोगी पडते.

रात्री आठ वाजता दारे मिटली. बाहेर अजून उजेड होता. पुलाच्या मध्यावर आलो तेव्हा दूरध्वनी वाजला. भारतात साडेअकरा होऊन गेले असतील.

"पहिला रिमोट कुणाकडे होता रे?" दादाने नमस्कार-चमत्कार न करता विचारले.

"त्यांच्याकडे. मला दुसराच मिळाला."

"मग बरोबर," तो म्हणाला. "धबधब्यावर मेलास ना?"

कुलुपांनी लगडलेल्या त्या कठड्याला टेकून मी अर्धा तास बोलत राहिलो. शेजारून आगगाड्या जात होत्या, त्यामुळे काही वाक्ये दोनदा बोलावी लागली. घराचा विषय निघाला नाही. तो निघेल आणि तेव्हा पुन्हा मतभेदही होतील. पण अकोल्याच्या माळ्यावर ते जुने यंत्र अजून आहे, असे दादाने सांगितले, आणि दिवाळीत ते खाली काढावयाचे ठरले. या वेळच्या रजेच्या अर्जावर मी कारण स्पष्ट लिहिले: 'भावाबरोबर व्हिडिओ गेम खेळण्यासाठी.' रजा मंजूर झाली.