सहा विजयांचा हंगाम

आमच्या महाविद्यालयातील पदव्युत्तर मराठी विभागाला 2023 साली वीस वर्षे पूर्ण झाली, तेव्हा एक छोटेखानी समारंभ झाला. आम्ही दोघे या विभागात पहिल्या दिवसापासून आहोत. त्यामुळे विभागाची वाटचाल सांगण्याचे काम ओघानेच आमच्याकडे आले. अशा भाषणांचा एक ठरलेला आराखडा असतो आणि तो आम्हीही इमानेइतबारे पाळला. पहिल्या वर्षी नऊच विद्यार्थी होते, ग्रंथालयात संदर्भग्रंथ नव्हते, आम्हाला शिकवण्याचा अनुभव नव्हता, नवांपैकी चौघेच एम. ए. पूर्ण करू शकले. पण ते तयारीचे वर्ष होते, पुढे विद्यार्थी वाढले, नेट-सेट उत्तीर्ण होऊ लागले, इत्यादी. टाळ्याही पडल्या. नंतर चहाच्या वेळी त्या पहिल्या तुकडीतला एक विद्यार्थी भेटला. तो त्या चौघांतला नव्हे, उरलेल्या पाचांतला. तालुक्याच्या गावी त्याचे झेरॉक्सचे दुकान आहे. निघता निघता त्याने अगदी सहज विचारले, "सर, मॅडम, म्हणजे आमचं वर्ष तुमच्या सरावात गेलं म्हणायचं का?" तो हसत होता. आम्हीही हसलो आणि काहीतरी बोलून वेळ मारून नेली.

घरी परतताना 'सराव' हा शब्द मात्र मनातून जाईना. आणि त्या शब्दाच्या पाठोपाठ, खेळातले फारसे काही न कळणाऱ्या आम्हा दोघांना, एक बास्केटबॉलचा संघ आठवला.

त्याचे असे झाले होते. आमच्यापैकी एकीचा भाचा 2008 च्या ऑगस्टमध्ये एम. एस. करण्यासाठी अमेरिकेतील ब्लूमिंग्टन या गावी, इंडियाना विद्यापीठात गेला. जन्मभर क्रिकेटशिवाय दुसरे काही न पाहिलेला हा मुलगा त्या हिवाळ्यात रविवारच्या फोनवर थंडी आणि अभ्यास यांच्या जोडीला बास्केटबॉलच्या पराभवांची हकीकत सांगू लागला. प्रारंभी आम्ही ती भीडेखातर ऐकत होतो. हळूहळू आम्हीच विचारू लागलो, "या आठवड्यात किती हरलात?"

कोल्हापुरात कुस्तीला जे स्थान आहे, ते इंडियानात बास्केटबॉलला आहे. विद्यापीठाच्या असेंब्ली हॉलमध्ये सतरा हजारांहून अधिक प्रेक्षक बसतात. तेथे राष्ट्रीय विजेतेपदाची पाच निशाणे टांगलेली आहेत : 1940, 1953, 1976, 1981 आणि 1987. यांपैकी शेवटची तीन बॉब नाइट या प्रशिक्षकांच्या कारकिर्दीतली. त्यांच्या 1976 च्या संघाने 32 पैकी 32 सामने जिंकले होते. अशा घराण्यात 2006 साली केल्विन सॅम्पसन प्रशिक्षक म्हणून आले. शाळकरी खेळाडूंना आपल्या विद्यापीठाकडे वळवण्यासाठी प्रशिक्षकांनी त्यांना किती दूरध्वनी करावेत, याला त्या काळी महाविद्यालयीन क्रीडासंघटनेने मर्यादा घातली होती. सॅम्पसन यांनी ती आधीच्या विद्यापीठात ओलांडली होती, येथेही ओलांडली, आणि फेब्रुवारी 2008 मध्ये हंगाम चालू असतानाच त्यांना पायउतार व्हावे लागले. पाठोपाठ संघ विस्कटला. कोणी व्यावसायिक खेळाकडे गेले, कोणी शिक्षण पूर्ण करून बाहेर पडले, काहींना शिस्तभंगासाठी काढून टाकण्यात आले, तर काही दुसऱ्या विद्यापीठांत निघून गेले.

एप्रिल 2008 मध्ये टॉम क्रीन नवे प्रशिक्षक म्हणून आले. मार्केट विद्यापीठाच्या संघाला 2003 साली राष्ट्रीय स्पर्धेतील अखेरच्या चार संघांत नेऊन बसवल्यामुळे त्यांचे नाव झाले होते. हंगाम सुरू झाला तेव्हा त्यांच्या हाती आदल्या वर्षीचे दोनच खेळाडू उरले होते : काइल टेबर आणि ब्रेट फिंकलमायर. या दोघांनाही कोणी मुद्दाम बोलावून आणलेले नव्हते. क्रीडाशिष्यवृत्ती नसताना ते संघात आले होते आणि आदल्या हंगामात बहुतेक काळ बाकावरच बसले होते. उरलेला संघ म्हणजे प्रथम वर्षाची मुले आणि इतरत्र शिकून आलेले एक-दोन जण.

पुढे जे झाले ते आकड्यांतच सांगितलेले बरे. हवाई बेटांवरील स्पर्धेत नोत्र दाम संघाकडून 88-50 असा पराभव. लिप्सकोम्ब आणि नॉर्थईस्टर्न या, इंडियानाच्या तुलनेत अगदीच अपरिचित संघांकडून स्वतःच्या मैदानावर पराभव. जानेवारीत मिशिगनविरुद्ध पूर्वार्धातच 20 गुणांची आघाडी आणि तरीही जादा वेळेत पराभव. भाचा त्या रात्री हॉलमध्ये होता. आघाडी ओसरू लागली तेव्हा आजूबाजूची मुले ओरडायची थांबली नाहीत, फक्त त्या ओरडण्याचा सूर बदलला, असे त्याने सांगितले होते. 4 फेब्रुवारी 2009 रोजी आयोवाचा 68-60 असा पराभव झाला, तो त्यांच्या बिग टेन गटातील त्या वर्षीचा एकमेव विजय. गटातील हिशेब 1 विजय, 17 पराभव. एकूण हंगामाचा हिशेब 6 विजय, 25 पराभव.

या हंगामाची गोष्ट आज जेव्हा सांगितली जाते तेव्हा ती येथे थांबत नाही, हे ओघानेच आले. पुढच्या वर्षी 10 विजय झाले, त्याच्या पुढच्या वर्षी 12. आणि 10 डिसेंबर 2011 रोजी देशात पहिल्या क्रमांकावर असलेला केंटकीचा संघ असेंब्ली हॉलमध्ये आला. वेळ संपत असताना ख्रिश्चन वॉटफर्डने दुरून टाकलेला चेंडू जाळीतून गेला आणि इंडियानाने सामना 73-72 असा जिंकला. प्रेक्षक मैदानात उतरले. त्या वर्षी 27 सामने जिंकले गेले. तोवर नोकरीला लागून दुसऱ्या शहरात गेलेला भाचा फोनवर म्हणाला, "मावशी, आता वाटतं, तो पहिला हंगाम हवाच होता."

आम्हीही त्या वेळी होकार भरला. गोष्ट शेवटाकडून आरंभाकडे वाचण्याची सवय आम्हा साहित्य शिकवणाऱ्यांना तर फारच असते. अखेरच्या प्रकरणात जे घडते त्याच्या प्रकाशात पहिल्या प्रकरणातील प्रत्येक तपशील सूचक ठरतो. दुःख पूर्वतयारी बनते, चूक धडा बनते. वर्गात आम्ही याला कथानकाची एकात्मता म्हणतो, आणि विद्यार्थी ते उतरवून घेतात.

याच इंडियानावर 'हूझिअर्स' नावाचा एक प्रसिद्ध चित्रपट आहे (1986). एका खेड्यातील शाळेत नवा प्रशिक्षक येतो, गावकऱ्यांचा त्याला विरोध होतो, संघ आधी हरतो आणि मग त्याच हंगामात राज्याचे अजिंक्यपद पटकावतो, असे त्याचे कथानक. याचे मूळ मायलन या गावच्या शाळेत आहे. उण्यापुऱ्या 161 विद्यार्थ्यांच्या या शाळेने 1954 साली अंतिम सामना 32-30 असा जिंकला होता. गंमत अशी की प्रत्यक्षात तो प्रशिक्षक मार्व्हिन वुड यांचा दुसरा हंगाम होता आणि आदल्याच वर्षी त्यांचा संघ राज्यातील अखेरच्या चारांत पोचलेला होता. पटकथेने पहिला हंगाम दुसऱ्यात विरघळवून टाकला. आधी हरलेल्यांनीच शेवटी जिंकायचे, तर सगळे एका हंगामात बसवावे लागते.

ब्लूमिंग्टनमध्ये तसे बसवता येत नाही, कारण मध्ये काइल टेबर उभा आहे. 2008-09 हे त्याचे अखेरचे वर्ष होते. त्याच्या 'पुढे' 2011 चा डिसेंबर नव्हता. ज्याला पूर्वतयारी म्हणायचे तेच त्याच्या वाट्याचे सर्व काही होते. इतकी वर्षे बाकावर बसून खेळायला मिळाले ते याच हंगामात, आणि त्यात हे पंचवीस पराभव. केंटकीवरच्या विजयाने हा हंगाम सार्थ झाला असे म्हणताना आपण टेबरला काय सांगत असतो? दुसऱ्या कोणाला पुढे जिंकता यावे यासाठी तू हरत होतास, हेच ना?

याच्याशी जोडूनच व्हर्डेल जोन्स या खेळाडूचे सांगायला हवे. क्रीन यांच्या त्या पहिल्या हंगामातील प्रथम वर्षाच्या मुलांपैकी तो एक. केंटकीविरुद्धच्या अखेरच्या क्षणी चेंडू घेऊन धावला तो जोन्स. वॉटफर्डच्या हाती तो सोपवला तोही जोन्सनेच. म्हणजे हा एक तरी धागा आरंभापासून अखेरीपर्यंत गेला, असे म्हणून आपण समाधान मानू लागतो, तोच मार्च 2012 मध्ये त्याच्या गुडघ्याला गंभीर दुखापत होते. चार वर्षांनी प्रथमच इंडियानाचा संघ राष्ट्रीय स्पर्धेत खेळतो आणि जोन्स खेळू शकत नाही. कादंबरीकाराने असे लिहिले असते तर आम्ही त्याला योगायोगाचा अतिरेक म्हटले असते.

क्रीन तेथे 2017 पर्यंत राहिले. नऊ हंगामांतील त्यांचा तो एक. प्रशिक्षकाला एक वाईट हंगाम पुढच्या हंगामांत जिरवता येतो. खेळाडूच्या हाती फार तर चार असतात आणि टेबरसारख्याला खऱ्या अर्थाने एकच. शिक्षकाचेही तेच. आमच्या वीस वर्षांतील ते पहिले वर्ष आमच्यासाठी एक विसांश होते. त्या विद्यार्थ्याने एम. ए. चे एकच वर्ष केले. दुसऱ्या वर्षी वडील आजारी पडले आणि तो परत आला नाही. भाषाविज्ञानाचे जे तास आम्ही घाबरत, टिपणांत डोके खुपसून घेतले, त्याहून चांगले तास त्याला पुढे कधी मिळायचे नव्हते. ते आम्ही नंतर सुधारले, ही वस्तुस्थिती त्याच्या काय उपयोगाची?

त्या पहिल्या वर्षी आम्ही शिकवलेल्या पुस्तकांत व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (1955) होती, हे आता आठवून आम्हाला संकोच वाटतो. धनगरांच्या वस्तीत पहिल्याच नोकरीवर गेलेला तरुण मास्तर. त्याची जवळजवळ रिकामी शाळा. गावाने मिळून बांधलेली तालीम. आणि मग दुष्काळ. माणसे मेंढरे घेऊन निघून जातात, गाव ओस पडते, मास्तरही गाव सोडतो. त्या पहिल्या हंगामाला पुढचा हंगाम नाही. तरीही कादंबरी वाचून संपवताना ते सारे वाया गेले असे कोणत्याही वाचकाला वाटत नाही, कारण माडगूळकर प्रत्येक माणसाला त्याच्या त्याच्या जागी पुरेपूर पाहतात. कोणाचेही दिवस ते दुसऱ्याच्या दिवसांची पायरी म्हणून वापरत नाहीत. हे आम्ही तेव्हा वर्गात सांगितले होते की नाही, कोण जाणे. बहुधा ग्रामीण साहित्याची वैशिष्ट्ये क्रमवार सांगून आम्ही मोकळे झालो असू.

समारंभानंतर स्मरणिका निघायची होती आणि तिच्यात आमचे तेच भाषण जायचे होते. आम्ही ते परत मागून घेतले. 'तयारीचे वर्ष' हे शब्द खोडले आणि पहिल्या वर्षासाठी एक स्वतंत्र पान लिहिले. त्यात नऊही नावे आहेत. कोण कोणत्या गावाहून येत होता, कोणाची एस.टी. किती वाजता सुटायची, कोणते पुस्तक एकाच प्रतीवरून सर्वांनी वाचले, आणि आम्ही काय नीट शिकवू शकलो नाही, तेही आहे. गावांची नावे पक्की करण्यासाठी त्या विद्यार्थ्याला फोन केला, तेव्हा त्याने तिघांची गावे सांगितली. पाठोपाठ एक चूकही दुरुस्त केली : एकाच प्रतीवरून वाचलेले ते पुस्तक आम्ही लिहिले होते ते नव्हतेच, ती 'बनगरवाडी' होती. प्रत त्याच्याकडेच राहिली आहे, असेही म्हणाला. ग्रंथालयाची आहे, परत करायची राहून गेली.

ती परत करू नकोस, असे आम्ही त्याला सांगितले.