सोनाखानचे धान्य

शाळेच्या वेळापत्रकात काही विषयांना मानाचे पान असते, तर काहींची उरलेल्या जागेवर बोळवण होते. गणित, विज्ञान आणि इंग्रजी हे पहिल्या पंक्तीचे मानकरी. इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्र यांची तासिका बहुधा मधल्या सुट्टीनंतर, वर्ग पेंगू लागल्यावर येते. त्यातही नागरिकशास्त्रात शिक्षकाचे मन नसते आणि विद्यार्थ्याचे लक्ष नसते. हक्क किती, कर्तव्ये किती, राष्ट्रपतिपदासाठी वयाची अट किती, एवढे पाठ झाले की विषय संपला. शैक्षणिक दस्तऐवजांत मात्र याच उपेक्षित विषयावर फार मोठा भार टाकलेला दिसतो. त्याने सामाजिक न्यायाची जाणीव जागवावी आणि विश्वनागरिकत्वाची दृष्टी द्यावी, अशी अपेक्षा असते. युनेस्कोने १९७४ साली आंतरराष्ट्रीय सामंजस्यासाठी शिक्षण या विषयावर एक शिफारस संमत केली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये तिचे सुधारित रूप स्वीकारले. शब्द मोठे आहेत आणि हेतूही मोठा आहे. प्रश्न एवढाच, की ते वर्गात उतरावेत कसे? विश्व हे फार लांबचे गाव. तिकडे जाणारी वाट कोणत्या चौकातून निघते?

रायपूरपुरते बोलायचे तर ती जयस्तंभ चौकातून निघते, असे म्हणता येईल. शहराच्या मध्यावरचा हा वर्दळीचा चौक रायपूरचा प्रत्येक विद्यार्थी ओलांडतो. सोनाखानचे जमीनदार नारायणसिंह यांना १० डिसेंबर १८५७ रोजी येथेच फाशी देण्यात आली, असे शहर मानते. नारायणसिंह बिंझवार या आदिवासी जमातीचे. सोनाखान आज बलौदाबाजार-भाटापारा जिल्ह्यात येते. १८५६ साली त्या मुलखात दुष्काळ पडला. लोक अन्नावाचून तडफडत असताना कसडोलच्या माखन नावाच्या व्यापाऱ्याच्या कोठारात धान्य साठलेले होते. नारायणसिंहांनी कोठार उघडून ते धान्य भुकेल्यांत वाटले आणि आपण असे केले आहे हे रायपूरच्या डेप्युटी कमिशनरांना स्वतःच कळविले. व्यापाऱ्याची तक्रार गेली. २४ ऑक्टोबर १८५६ रोजी संबलपूर येथे त्यांना अटक झाली. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये ते रायपूरच्या तुरुंगातून निसटले, सोनाखानला परतले, त्यांनी माणसे जमविली आणि इंग्रजी फौजेशी झुंज दिली. अखेर फासाच्या दोराशी ही कथा थांबते.

शाळेत ही कथा दोन तऱ्हांनी शिकवता येते. नाव, गाव, जन्मवर्ष, फाशीची तारीख आणि 'छत्तीसगढचे पहिले हुतात्मे' ही उपाधी पाठ करून घेणे ही एक तऱ्हा. त्याने मुलाच्या मनात एक पुतळा उभा राहतो, आणि पुतळ्याला प्रश्न विचारण्याची आपल्याकडे रीत नाही. दुसरी तऱ्हा कोठारापाशी थांबण्याची. ते धान्य कोणाचे होते? व्यापाऱ्याने ते पैसे मोजून घेतले असेल, तर ते त्याचे नव्हे काय? ज्यांनी ते पिकविले त्यांच्याच घरी उपास का पडले? कोठार उघडणारा मनुष्य स्वतः जमीनदार होता. त्याच्या रयतेचे त्याच्याविषयी काय मत असेल? लपविण्याजोगे कृत्य त्याने आपण होऊन अधिकाऱ्याला का कळविले? हा शेवटचा प्रश्न फार मोलाचा आहे. लुटारू कळवीत नाही. जो कळवितो तो कायद्याला लपून मोडीत नाही, त्याला जाब विचारतो. तेरा वर्षांच्या मुलाला हा भेद कळला तर नागरिकशास्त्राचा अर्धा अभ्यासक्रम त्याच दिवशी पुरा झाला असे समजावे. नारायणसिंहांविरुद्ध इंग्रजांना साथ देणाऱ्यांत शेजारच्या देवरीचा जमीनदार, म्हणजे आप्तच होता, हेही वर्गात सांगितले पाहिजे. अन्याय करणारा परका आणि सोसणारा आपला, अशी सोयीची वाटणी इतिहासाला मान्य नसते.

प्रश्न विचारण्याची सवय लागली की वर्ग साधनांपर्यंत पोहोचतो. भारतीय टपाल खात्याने १९८७ साली नारायणसिंहांच्या स्मरणार्थ साठ पैशांचे तिकीट काढले. त्यावर ते तोफेसमोर बांधलेले दाखविले आहेत. फाशीची नोंद तर वेगळेच सांगते. स्मृतिदिन कोणी १० डिसेंबरला पाळतात, तर कोणी १९ डिसेंबरला. परीक्षेच्या दृष्टीने हा घोटाळा. शिक्षणाच्या दृष्टीने हे घबाडच म्हटले पाहिजे. कोणते म्हणणे कोणत्या आधारावर उभे आहे, कागद काय म्हणतो, लोकस्मृती काय म्हणते आणि दोहोंत अंतर का पडते, हे तपासण्याची संधी अशा ठिकाणीच मिळते.

आणि ही स्मृती टिकविली कोणी? पाठ्यपुस्तके दीर्घकाळ गप्पच होती. दल्ली-राजहरा येथील लोहखाणींत राबणाऱ्या कंत्राटी कामगारांनी १९७७ साली 'छत्तीसगढ माइन्स श्रमिक संघ' स्थापन केला. त्यांचे नेते शंकर गुहा नियोगी बंगालमधून आलेले. या कामगारांनी १९७९ पासून १९ डिसेंबर हा नारायणसिंहांचा दिवस म्हणून पाळण्यास आरंभ केला. त्यांनी शाळा चालविल्या, १९८३ मध्ये स्वतःच्या वर्गणीतून आणि श्रमातून शहीद रुग्णालय उभे केले. २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाई येथे नियोगींची हत्या झाली. टपाल तिकीट, नव्या रायपूरच्या क्रिकेट मैदानाला दिलेले नाव, पुस्तकातील धडा हे सारे मागाहून आले. ज्यांना शाळेने फारसे काही दिले नव्हते त्यांनीच शाळेला तिचा एक धडा मिळवून दिला, ही गोष्ट धड्यात सहसा छापली जात नाही.

येथवर मराठी वाचक निश्चिंतपणे ऐकू शकतो. त्याची खरी परीक्षा पुढे आहे. छत्तीसगढात मराठी भाषा प्रथम आली ती राज्यकर्त्यांची भाषा म्हणून. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करपंत बंगालच्या वाटेवर असताना त्यांनी रतनपूर घेतले; १७५८ पासून बिंबाजी भोसले तेथे राहून कारभार पाहू लागले आणि दप्तरात मराठी व मोडी यांचा शिरकाव झाला. १७८७ मध्ये बिंबाजींच्या निधनानंतर सुभेदारांचा अंमल सुरू झाला. महसूल गोळा करून नागपूरला धाडणे हे त्यांचे प्रमुख काम. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा होईपर्यंत, मधला इंग्रजी देखरेखीचा काळ वगळता, ही सत्ता टिकली. नारायणसिंहांचे वडील रामराय यांनी भोसले आणि इंग्रज या दोघांविरुद्ध शस्त्र धरल्याचे सांगतात. महाराष्ट्रातील वर्गात हाच काळ मराठी सत्तेच्या विस्ताराचा म्हणून शिकविला जातो. नकाशावर एक रंग पूर्वेकडे पसरत जातो आणि मुलांना त्याचा अभिमान वाटतो. रायपूरच्या वर्गातील मुलाचे घर मात्र त्या रंगाखाली येते. बंगालमध्ये तर बर्गींची दहशत अंगाईगीतात जाऊन बसली आणि गंगारामाच्या अठराव्या शतकातील बंगाली काव्याला 'महाराष्ट्र पुराण' हे नाव मिळाले. भारतीय साहित्याचा अभ्यासक ते काव्य ऐतिहासिक साधन म्हणून वाचतो. मराठी शाळेने ते आरसा म्हणून वाचावे, ही अपेक्षा अवास्तव नाही.

रायपुरात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांपुढे हा प्रश्न अधिक थेट उभा राहतो. तात्यापारा या वस्तीचे नावच एक मराठी संबोधन जपून आहे. अशा घरातील मूल आजोबांकडून एक इतिहास ऐकते आणि शाळेत शेजारी बसलेल्या बिंझवार वा गोंड मुलाच्या घरी दुसरा इतिहास सांगितला जातो. दोघांना एका बाकावर बसवून दोन्ही कथा ऐकविणे आणि दोघांचीही मान खाली जाऊ न देणे, हे शिक्षकाचे कसब. वारशाचा अभिमान टाकून द्यावा असे कोणी म्हणत नाही. पण त्या अभिमानाची किंमत कोणी भरली, हे विचारण्याची तयारी असावी. दुसऱ्याच्या इतिहासात आपण कसे दिसतो हे पाहता येणे, हाच विश्वनागरिकत्वाचा पहिला धडा आहे.

मराठीचा येथील वारसा एवढाच मात्र नव्हे. बिलासपूर आणि रायपूर येथे शिकलेल्या माधवराव सप्रे यांनी १९०० साली पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढले. १९०१ मध्ये त्यात त्यांची 'एक टोकरी भर मिट्टी' ही कथा आली. जमीनदाराला आपल्या वाड्याचे आवार वाढवायचे असते. तो वकिलांच्या बळावर एका विधवेची झोपडी घेतो. नात जेवत नाही, जुन्या घरच्या मातीची चूल केली तर जेवेल, म्हणून म्हातारी टोपलीभर माती मागते आणि टोपली उचलायला जमीनदारालाच हात लावायला सांगते. त्याला ती उचलत नाही. मग साऱ्या जमिनीचा भार तो जन्मभर कसा वाहणार, हे तिच्या तोंडून ऐकून तो वरमतो. हिंदीतील आरंभीच्या लघुकथांत या कथेची गणना होते. मातृभाषा मराठी असलेल्या लेखकाने ज्या भूमीत आपली भाषा सत्तेची म्हणून वावरली तेथे, तेथील लोकांच्या शिक्षणाच्या भाषेत, न्यायाचा प्रश्न मांडला. सुभेदाराच्या दप्तरातून सप्र्यांच्या मासिकापर्यंतचा प्रवास मराठी मुलाला नीट सांगितला, तर त्याला लाजही वाटेल आणि धीरही येईल.

सोनाखानच्या कोठारापासून जगाकडे जाणारी वाट यानंतर आपोआप मोकळी होते. आयर्लंडमध्ये १८४५ नंतरच्या दुष्काळात माणसे मरत असताना धान्य बाहेर जातच होते. बंगालमध्ये १९४३ साली लाखो माणसे मेली. धान्य मुळातच नव्हते म्हणून सर्व दुष्काळ पडतात, हा समज अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात खोडून काढला. जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केले. पुण्यातील शूद्रातिशूद्रांचे दुःख आणि समुद्रापलीकडच्या गुलामांचे दुःख यांचे नाते त्यांना दिसले, कारण त्यांनी आपल्या दारातले दुःख आधी पाहिले होते. आणखी एक योगायोग वर्गात सांगण्याजोगा आहे. नारायणसिंहांना ज्या तारखेला फाशी झाली, त्याच १० डिसेंबरला, १९४८ साली, पॅरिस येथे मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला गेला. त्याच्या पहिल्या कलमातील 'सर्व पुरुष' असा अर्थ होऊ शकणारी शब्दयोजना बदलून तेथे 'सर्व मानव' आणण्याचे श्रेय भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांना दिले जाते. पंचविसाव्या कलमात माणसाच्या मूलभूत गरजांत अन्नाचा उल्लेख आहे. कसडोलच्या कोठारापाशी जो प्रश्न उभा राहिला, त्याला जगाने कागदावर उत्तर द्यायला ब्याण्णव वर्षे लागली.

कागदावरचे उत्तर पानात पडते की नाही, हे पाहायला मुलांना दूर जावे लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी सरकारी शाळांत शिजविलेले अन्न देण्याचा आदेश दिला. २००४ मध्ये स्वयंपाकासाठी दलित आणि आदिवासी स्त्री-पुरुषांना प्राधान्य देण्यास सांगितले. छत्तीसगढने २०१२ च्या डिसेंबरमध्ये, राष्ट्रीय कायद्याच्या आधी, आपला अन्नसुरक्षा कायदा केला. शाळेच्या ओसरीवर दुपारी जी पंगत बसते ती या सर्व प्रकरणाची प्रयोगशाळा होय. कोण कोणाशेजारी बसतो, वाढणारे हात कोणाचे, कोणते मूल घरून डबा आणून वेगळे बसते, हे वर्गातील प्रत्येक मुलाला ठाऊक असते. सोनाखानपासून फार दूर नसलेल्या गिरौदपुरीच्या गुरू घासीदासांनी माणसामाणसांतील भेद नाकारून सतनामाचा मार्ग सांगितला. त्यांच्या जयंतीला, १८ डिसेंबरला, शाळेत भाषणे होतात. भाषणानंतरची पंगत जर तुटकच राहिली, तर भाषण फुकट गेले. मुले शिक्षकाच्या तोंडापेक्षा त्याच्या पानाकडे अधिक लक्ष देतात: तो कोठे बसतो, काय खातो.

हे सारे सोपे आहे असा कोणाचा समज होऊ नये. छत्तीसगढ मध्य प्रदेशातच होता त्या काळात, १९८२ साली स्थापन झालेल्या 'एकलव्य' संस्थेने व्याख्यांऐवजी गोष्टी, चित्रे आणि प्रश्न यांनी भरलेली सामाजिक अध्ययनाची पुस्तके तयार केली. १ नोव्हेंबर २००० रोजी नवे राज्य झाल्यावर रायपुरात पुस्तके घडू लागली, तेव्हा एकलव्य, उदयपूरची विद्याभवन सोसायटी आणि जयपूरची दिगंतर यांचे साहाय्य घेण्यात आले. पण पुस्तक बदलले तरी परीक्षा बदलत नाही. परीक्षा बदलली तरी शिक्षकाच्या मनातील धाक जात नाही. मुलाने भलता प्रश्न विचारला, तो घरी जाऊन वडिलांना सांगितला, वडील गावातले वजनदार असले, तर जाब शिक्षकालाच द्यावा लागतो. मूल घरी छत्तीसगढी वा हलबी बोलते आणि पुस्तक हिंदीत असते; विचारण्याचा शब्दच त्याच्या जिभेवर अडतो. म्हणून या विषयाचे यश गुणपत्रिकेत शोधू नये. मधल्या सुट्टीनंतरच्या त्या पेंगुळलेल्या तासात एखाद्या मुलीने मान वर करून आपल्या बोलीत विचारले, की ते धान्य ज्यांनी पिकविले त्यांची नावे कोठे लिहून ठेवली आहेत, तर शिक्षकाने उत्तर देण्याची घाई करू नये. तो प्रश्न फळ्यावर लिहावा आणि तास संपल्यावरही पुसू नये.